पोत्यावरची अक्षरे
(साक्षरता वर्गाच्या शेवटच्या दिवशी केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. गावात कोणी तरी विचारीलच, "काका, या वयात वाचून काय करता? नांगर का पुस्तकानं चालतो?" या प्रश्नाचे उत्तर आज आपण आपल्या धानाच्या बांधीतच शोधू.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. आपले बापजादे अडाणी नव्हते. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी इथे तलाव बांधले. पाणी कोणीकडून येते, पाळ कुठे घालावी, सांडवा कुठे ठेवावा, हे त्यांना नजरेने कळे. १९५१ साली मालगुजारी गेली, पण ते तलाव राहिले. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. ही विद्या बापाने लेकाला पाळीवर उभे करून शिकविली. तिला कागद लागला नाही.

मग आता कागद का लागतो? कारण नवे बी, नवे खत, नवे औषध फार दूरून येते. ते तयार करणारा माणूस आपल्या धुऱ्यावर येत नाही. त्याला जे सांगायचे, ते तो पोत्यावर लिहितो, बाटलीवर लिहितो. आपल्याला वाचता आले, तर तो आपल्याशी बोलला. नाही आले, तर तो मुकाच राहिला.

जपान देशाची गोष्ट ऐका. तोही आपल्यासारखा धान पिकविणारा. १८७२ साली तिथल्या सरकारने ठरविले, की गावोगाव शाळा हवी. मुलाने शिकावे, तसे मुलीनेही शिकावे. त्याच काळात तिथले जाणते शेतकरी गावोगाव फिरून चांगली शेती शिकवू लागले. परदेशातून यंत्रे आली, तेव्हा ती चालविण्याची विद्याही लोकांनी शिकून घेतली. पुढे ती यंत्रे ते स्वतः बनवू लागले. पैसा असला की यंत्र विकत मिळते. विद्या मात्र शिकावीच लागते. जे देशाचे, तेच गावाचे.

१९५३ साली त्यांची धानाची रीत आपल्या देशात पसरविण्याची मोहीम निघाली. लोक तिला जपानी पद्धत म्हणत. तिच्यात मोठे यंत्र नव्हते. बी निवडून घ्यायचे, गादीवाफ्यावर पऱ्हे टाकायचे, दोरी धरून ओळीत रोवणी करायची, खत मोजून द्यायचे, निंदण वेळेवर करायचे. यात नवे काय होते? मोजमाप!

बी निवडायची रीत तर घरीच करून पाहा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात धानाचे बी टाका. पोचट दाणे वर तरंगतील, ते काढून टाका. भरलेले दाणे तळाशी बसतील. ते चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि सावलीत वाळवा. खर्च फक्त थोड्या मिठाचा. पण १० लिटर आणि ३०० ग्रॅम, हे आकडे वाचता यायला हवेत.

आता खताचा हिशेब. युरियाच्या पोत्यावर ४६ हा आकडा असतो. म्हणजे १०० किलो युरियात ४६ किलो नत्र. पोते ४५ किलोचे असले, तर त्यात नत्र सुमारे २१ किलो. माती तपासून आणली, की कोणते खत किती द्यायचे, ते कागदावर लिहून मिळते. हा हिशेब ज्याला येतो, तो शेजाऱ्याचे पाहून पोते ओतीत नाही. नत्र जास्त झाले, की धान माजते, लोळते, तुडतुडेही वाढतात. पैसाही गेला आणि पीकही गेले!

औषधाच्या बाटलीवर तर जिवाचा प्रश्न असतो. तिच्यावर रंगाची खूण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. पिवळा त्याखालोखाल. निळा मध्यम. हिरवा त्याहून कमी. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. ती सगळी आपल्या हातची नव्हेत. पण बाटली वाचणे, तोंड-हात झाकणे आणि वाऱ्याच्या उलट न फवारणे हे आपल्या हातचे आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही फार शिकलो नाही, आम्हाला काय जमणार? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे आठवा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे लहान शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते दाणे वेगळे ठेवले, वेगळे पेरले. वर्षानुवर्षे पारखले. त्यातून बारीक, चवदार धान निघाले. त्या काळी एचएमटी घड्याळाचे नाव मोठे होते. धानालाही तेच नाव पडले. आज ते धान कोणाला ठाऊक नाही?

पण पुढची गोष्ट कडू आहे. शेतकऱ्याने काढलेले वाण त्याच्याच नावावर नोंदवावे, असा कायदा तेव्हा नव्हता. धान दूरदूर पिकले, व्यापाऱ्यांनी विकले. दादाजींना मात्र त्या मानाने काहीच मिळाले नाही. त्यांचा सन्मान झाला, पण गरिबी सुटली नाही. २०१८ साली ते वारले. २००१ साली कायदा झाला आहे. आता शेतकऱ्याला आपले वाण आपल्या नावावर नोंदविता येते. पण त्यासाठी अर्ज लागतो, वाणाचे गुण लिहून द्यावे लागतात. डोळ्यांनी पारखलेले कागदावर उतरले, तरच ते आपले राहते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. यंदा खताचे पोते घरी आले, की फोडण्याआधी ते मोठ्याने वाचा. घरच्या बाईलाही वाचू द्या. रोवणी आणि निंदण तीच करते. कळले नाही, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. एक वही घाला. बी कधी टाकले, खत किती दिले, धान किती झाले, ते लिहून ठेवा. बापजाद्यांनी आपल्याला तलाव दिले. आपण लेकरांना तलावही देऊ आणि ही वहीही देऊ.