न दिसणारा झटका



अपस्मार म्हणजे कोसळणे, तोंडाला फेस येणे आणि कांदा वा चप्पल हुंगवणे, असेच आपण रावेतकर समजत आलो. परंतु काही बालके कोसळत नाहीत. ती काही सेकंद शून्यात पाहतात आणि ‘वर्गात लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातात.

हा झटका जगाला दाखविण्यात अमेरिकेचे डॉ. फ्रेडरिक गिब्ज यांचा मोठा वाटा आहे. मेंदूच्या विद्युत्-लहरी वाचण्यात त्यांनी पत्नी एर्ना यांच्यासह आयुष्य वेचले. अशा झटक्यात सेकंदाला सुमारे तीन वेळा ठरावीक लहर उसळते, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी बोस्टन येथील संशोधनातून १९३५ साली प्रसिद्ध केले.

१८४१ साली डॉ. वेस्ट या इंग्रज वैद्यांनी स्वतःच्या तान्ह्या मुलाचे आचके ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिले होते. त्या व्याधीतील विस्कळीत लहरींना गिब्ज दाम्पत्याने १९५२ साली ‘हिप्सॅरिदमिया’ हे नाव दिले.

आमची पालकांना विनंती एवढीच, की बाळाला लागोपाठ येणारे आचके पोटदुखीचे समजून थांबू नये. विलंबाने बुद्धीची वाढ खुंटू शकते. ई.ई.जी. तपासणी वेदनारहित आहे. मात्र एक आलेख निर्दोष आला, तरी व्याधी नाही असे ठरत नाही. म्हणून झटक्याचे मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना अवश्य दाखवावे.