अवकाश, शस्त्रे आणि कायदा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अवकाशातील शस्त्रास्त्रे आणि आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय ऐकताच ‘लासुर्ण्याचा आणि याचा संबंध काय?’ असा प्रश्न अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात भारतीय अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तयार होतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन झेपावलेल्या अग्निबाणाचे काही भाग तेथेच घडले. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी वसविलेल्या या साखरेच्या गावाची कारागिरी अशा रीतीने चंद्राच्या वाटेला लागली. इंदापूर तालुक्याला याचा सार्थ अभिमान आहे.

परंतु अग्निबाण आणि क्षेपणास्त्र ही एकाच घरची भावंडे आहेत. एस.एल.व्ही.-३ या वाहनाने १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याच वाहनाच्या पहिल्या टप्प्याची मोटार पुढे १९८९ मध्ये अग्नी क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचणीत उपयोगात आली. वस्तू तीच, हेतू निराळा. निकामी उपग्रहाच्या दुरुस्तीसाठी त्याच्या जवळ जाऊ शकणारे यान दुसऱ्याचा धडधाकट उपग्रहही मोडू शकते. यंत्र पाहून हेतू ओळखता येत नाही. अवकाशातील शस्त्रनियंत्रणाची मूळ अडचण हीच आहे.

हा धोका जगाच्या ध्यानात लवकर आला. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट घडवला. त्यातून निर्माण झालेल्या किरणोत्सर्गाने कित्येक उपग्रह निकामी झाले. त्यांत ब्रिटनचा पहिला उपग्रहही होता. म्हणजे शस्त्राने शत्रू-मित्र असा भेद केला नाही. पुढच्याच वर्षी वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करण्यास बंदी घालणारा करार झाला. त्यानंतर १० ऑक्टोबर १९६७ रोजी बाह्य अवकाश करार अमलात आला. भारताने त्यास १९८२ मध्ये अंतिम मान्यता दिली.

या कराराचे तीन आधार आहेत. चंद्रावर वा अन्य खगोलावर कोणत्याही राष्ट्रास मालकी सांगता येणार नाही. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रे व सर्वसंहारक शस्त्रे ठेवता येणार नाहीत. चंद्र आणि अन्य खगोलांवर लष्करी तळ व शस्त्रचाचण्या निषिद्ध राहतील. अपरिग्रहाचा विचार लहानपणापासून ऐकणाऱ्या श्रोत्यांस यांतील पहिले कलम विशेष जवळचे वाटेल.

तथापि, दस्तऐवज वाचताना जे लिहिले आहे त्याइतकेच जे लिहिलेले नाही तेही पाहावे लागते. सर्वसंहारक नसलेली शस्त्रे कक्षेत ठेवण्यास या करारात मनाई नाही. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडण्यासही स्पष्ट बंदी नाही. या मोकळ्या जागेतूनच पुढच्या घटना घडल्या. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने सुमारे ८५० किलोमीटर उंचीवर आपलाच जुना हवामान उपग्रह फोडला. त्याचे नोंद घेण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले आणि त्यांतील पुष्कळ अजूनही फिरत आहेत. २००८ मध्ये अमेरिकेने, २७ मार्च २०१९ रोजी भारताने आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने आपापला उपग्रह फोडून दाखवला. भारताने ही चाचणी सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर केली. तुकडे लवकर खाली येऊन जळून जावेत, हा त्यामागील विचार होता.

वरून पडणारी वस्तू सीमा ओळखत नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशात जळत्या रेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. अशा प्रसंगी १९७२ चा दायित्व करार लागू होतो. जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई यान सोडणाऱ्या राष्ट्राने दोष सिद्ध न होताही द्यावयाची असते. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने अखेर ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. मात्र अवकाशातच एकाच्या तुकड्याने दुसऱ्याचा उपग्रह मोडला, तर दोष सिद्ध करावा लागतो, आणि ते फार कठीण आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा विध्वंसक चाचण्या थांबवण्याच्या ठरावास १५५ राष्ट्रांनी पाठिंबा दिला. भारत तटस्थ राहिला. केवळ स्वेच्छेची वचने पुरेशी नाहीत, सर्वांस बांधणारा आणि पडताळता येणारा करार हवा, अशी भारताची भूमिका राहिली आहे. ती तर्कशुद्ध आहे. परंतु असा करार होईपर्यंत चाचण्या थांबवण्यास कोणाची हरकत असावी, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. एप्रिल २०२४ मध्ये कक्षेतील अण्वस्त्रबंदीचा पुनरुच्चार करणारा ठराव सुरक्षा परिषदेत रशियाच्या नकाराधिकाराने अडला. जुनी वचनेही आपोआप टिकत नाहीत, हे त्यातून दिसले.

अहमदाबादच्या कापड गिरणीमालक जैन घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई हे १९६८ च्या व्हिएन्ना येथील अवकाशविषयक संयुक्त राष्ट्र परिषदेचे वैज्ञानिक अध्यक्ष होते. उपग्रह हा गरीब देशाच्या शिक्षणासाठी, शेतीसाठी आणि संपर्कासाठी आहे, हा त्यांचा आग्रह होता. आज लासुर्ण्याचा ऊस उत्पादक पावसाचा अंदाज पाहतो, त्यामागे ती दृष्टी आहे. कक्षेतील एका स्फोटाने हा अंदाज बंद पडू शकतो. म्हणून वालचंदनगरच्या कारागिरास आपल्या कामाचा अभिमान असावा आणि त्या कामाच्या उपयोगावर कायद्याचे बंधन असावे, असा आग्रह नागरिकांनीही धरावा.