विणकराची विश्रांति

सोलापुरांत १८७७ सालीं ‘जुनी गिरणी’ निघाली. तिचा भोंगा कामगाराचा दिवस ठरवी. नोकरी सुटली, कीं त्याचा यंत्राशीं संबंध तुटे. तेलंगणांतून येथें येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकराच्या घरच्या हातमागाला मात्र भोंगा नव्हता. म्हातारा विणकर धोटा मुलाच्या हातीं देऊनहि मागापासून दूर होत नसे. पाय थकले, तर कांड्या भरी, तुटलेला धागा सांधी. यांत आवड किती आणि पोटाची निकड किती, हें श्रोत्यांनीं अवश्य तपासावें. निर्वाहाची चिंता नसतांनाहि जो मागावर बसतो, त्याचेंच काम खरें स्वेच्छेचें. म्हणून वृद्ध कारागिराला विश्रांतीचा उपदेश करण्यापूर्वीं समाजानें त्याच्या म्हातारपणाची तरतूद करावी. मग बसावें कीं उठावें, हें त्याचें त्यानें ठरवावें.