कशावाचून अडलंय?



"तू कॉम्प्युटरवर नेमकं करतेस काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. म्हणून त्यावरच बोलते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कामाचं वेळापत्रक लावणं, हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. त्यासाठी 'जिरा' नावाचं साधन आहे. पडद्यावर एक फळा, त्यावर तीन रकाने : करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, तिच्यावर करणाऱ्याचं नाव. काम सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. ही पद्धत मूळची जपानच्या टोयोटा कारखान्यातली. तिला 'कानबान' म्हणतात.

चिठ्ठीवर तारीख टाकणं सोपं. कोणतं काम कशासाठी थांबणार, हे आधी ओळखणं अवघड. २०१६ चा उन्हाळा आपण रेणापूरकर विसरलो नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, ती १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. ५० वाघिणींची गाडी नंतर सुरू झाली. कारण वाघिणी स्वच्छ हव्यात, मिरजेला भरायची सोय हवी, लातूरला उतरवून घ्यायची हवी. यातलं एक मागे पडलं, की इंजिन तयार असूनही उपयोग नाही.

आमच्याकडेही तेच. काम लांबलं की माणसं वाढवा, असं वरून सांगतात. आयबीएममध्ये काम केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की लांबलेल्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी लांबतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो.

म्हणून रोज सकाळी पंधरा मिनिटं आम्ही एकत्र उभे राहतो. "किती झालं?" विचारलं तर "नव्वद टक्के" म्हणतात, आणि पंधरा दिवसांनीही नव्वदच असतात! त्याऐवजी मी विचारते, "कशावाचून अडलंय?" याचं खरं उत्तर मिळतं, पण सांगणाऱ्याला बोल लागणार नाही अशी खात्री असेल तरच. एकाला चारचौघांत झापलं, की दुसऱ्या दिवसापासून फळा हिरवागार आणि काम जागच्या जागी. ही खात्री कुठलंही साधन देत नाही. ती माणसांनीच द्यायची असते.

आज आपण शाळेसाठी जे काही करायचं ठरवू, त्याचाही असा फळा करू या. प्रत्येक कामापुढे एकच नाव, आणि ते अडलं तर कशावाचून, हे मोकळेपणानं लिहायला एक रकाना.