ॲपवरचा आकडा आणि आपलं नाक

हा एपिसोड गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी इअरफोन काढा. घरी पोहोचून ऐका, मी कुठे पळून जात नाहीये. आणि आजचा विषय गाडीचाच आहे, त्यामुळे तर नक्कीच.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात आपलं एडिटिंग करणारा मित्र वैतागून म्हणाला, "अरे, तुझा खोकला कापून कापून माझी बोटं दुखायला लागली. दवाखान्यात जा ना जरा." मी म्हटलं, हवा बदललीये, जाईल आपोआप. आपल्याकडे कुठलाही खोकला आधी 'हवा बदललीये' याच खात्यात जमा होतो. घशाचा गरगरा झाला, आल्याचा चहा झाला, आईने पाठवलेला सितोपलादीचा डबा अर्धा संपला. सहा आठवडे झाले तरी रात्री दोनला उठून खोकतोच आहे.

शेवटी गेलो. डॉक्टरांनी विचारलं, सिगरेट? नाही. घरात कुणाला दमा? आजोबांना होता. मग विचारलं, "ऑफिसला कशाने जाता?" मला वाटलं गप्पा मारतायत. मी म्हटलं, बाईकने. धायरी ते बाणेर, रोज, हायवेने. ते नुसतं "हं" म्हणाले आणि एका नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. मग औषधाचे झुरके देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच. दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वर गेला. म्हणजे श्वासनलिका आकसलेल्या होत्या आणि औषधाने मोकळ्या झाल्या. धुरामुळेच दमा झाला असं ते म्हणाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्यांचं म्हणणं असं, की कल घराण्यात होताच, रोजचा धूर त्याला डिवचतोय.

आणि हातात आला पंप. तुम्हाला माहितीये आपल्याकडे पंप म्हणजे काय. "एवढ्या लहान वयात पंप? सवय लागेल हं!" मी तो पहिले पंधरा दिवस आईपासून लपवून बॅगेच्या चेनमध्ये ठेवला होता. सवय वगैरे काही लागत नाही. त्यात औषधाचा डोस उलट गोळीपेक्षा कमी असतो, थेट जिथे पाहिजे तिथे जातो. असो, तो वेगळा एपिसोड होईल.

मला खरा धक्का बसला तो पुढे. मी काही अडाणी नव्हतो हो. मोबाईलमध्ये हवेचं ॲप होतं. सकाळी बघायचो, १२०, १३०. आपल्या देशाच्या मोजपट्टीत १०१ ते २०० म्हणजे 'मध्यम'. मध्यम म्हटलं की कसं ठीकठाक वाटतं! तोंडाला रुमाल बांधायचा, हेल्मेट घालायचं, निघायचं. पण तो आकडा येतो कुठून? शहरात ठरावीक जागी यंत्रं बसवलेली असतात. आपल्या पुण्यात तर पाषाणच्या आयआयटीएममध्ये 'सफर' नावाची अख्खी यंत्रणाच आहे. ती यंत्रं त्या भागातली सर्वसाधारण हवा मोजतात, आणि ते त्यांचं कामच आहे. पण वारज्याहून चांदणी चौकाच्या चढाला मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेल्या डंपरच्या मागे चार फुटांवर असतो, तेव्हा माझ्या नाकासमोरची हवा कुठलंच ॲप मोजत नाही. सायलेन्सरपासून जरा लांब गेलात की धूर झपाट्याने विरळ होतो. कारवाल्याने काचा वर केल्या, आतलीच हवा फिरवत ठेवली, की त्याचं बरंच भागतं. आपल्याला काच कुठली? हेल्मेटची असते, पण हवा खालून येतेच.

आता रुमालाचं बघू. आपल्याकडे मुली स्कार्फ असा बांधतात, की फक्त डोळे दिसतात. मुलं बंडाना घालतात. घरी येऊन तो झटकला की काळा मळ निघतो आणि वाटतं, चला, एवढा तरी अडला! अडतो तो जाडा धुरळा. खरा त्रास पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण कापडाच्या विणीतून आरामात आत जातात, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणून तर यात दम्याबरोबर हार्ट ॲटॅकची आणि स्ट्रोकची गोष्ट येते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच कर्करोगकारक म्हटलंय. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. अपघाताची भीती आपल्याला कळते, कारण रक्त दिसतं. हे दिसत नाही.

हिवाळ्यात जास्त का, तर थंडीत जमिनीलगतची हवा गार पडते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. धूर वर जातच नाही. त्यात सकाळी कुणीतरी पाचोळा पेटवलेला असतोच.

मग मी काय केलं? बाईक सोडली नाही. धायरीहून बाणेरला बसने जायचं तर दोनदा बदलावी लागते, मी उगाच साधूपणाचा आव आणणार नाही. रस्ता बदलला. राजाराम पुलावरून कर्वेनगर, कोथरूड, मग बावधन-पाषाणमधून. दहा-बारा मिनिटं जास्त लागतात, पण ट्रकची रांग टळते. सिग्नलला डंपर, टँकर, टेम्पोच्या मागे गाडी घुसवत नाही, अंतर ठेवतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. रुमालाऐवजी एन-९५ घेतला, पण कानात अडकवायचा नाही, डोक्यामागून पट्टे येणारा. कानातल्या दोऱ्या हेल्मेट काढताना हमखास तुटतात. आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही, कडेने हवा शिरते. मी दाढी काढली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग!

आणि हो, सिग्नलला इंजिन बंद. कारण आपण धूर खातो तसा सोडतोही. पीयूसी काढली की काम संपलं असं वाटतं, पण पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात, बारीक कण मोजतच नाहीत.

हे सगळं मी माझ्या आतेभावाला मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. तो डिलिव्हरी करतो, दिवसाचे दहा-अकरा तास गाडीवर. तो निवांत ऐकून घेऊन म्हणाला, "दादा, रस्ता तू निवडतोस. माझा फोन निवडतो. बारा मिनिटं जास्त घेतली तर माझं रेटिंग जातं." मास्कचं विचारलं, तर म्हणे काही सोसायट्यांत लिफ्ट वापरू देत नाहीत, मास्क लावून पाच मजले चढलो की जीव कासावीस होतो.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिवसातून दीड तास रस्त्यावर असतो आणि मला पंप लागला. हा दहा तास असतो. आणि मी त्याला सांगतोय, रस्ता बदल.

शेवटी आमचं एवढंच ठरलं, की चढायच्या आधी मास्क खाली करायचा, गाडीवर बसला की वर. दुपारी ऑर्डर कमी असतात तेव्हा चौकात थांबायचं नाही, आतल्या गल्लीत झाडाखाली थांबायचं. आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर येऊन एकदा त्या नळीत फुंकायचं. यायला तो दोन रविवार टाळाटाळ करत होता. परवा रात्री त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. चार दिवस वापरलेला मास्क, आतून पांढरा, बाहेरून राखेच्या रंगाचा. खाली लिहिलं होतं, "रविवारी किती वाजता?"