जुनी स्वयंचलित बंदूक का अडते?

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची बंदूक हा बहुधा कपाटातला विषय होऊन राहिला आहे. युरोप-अमेरिकेत मात्र बदकांचा मोसम आला की वडिलोपार्जित बंदुका आजही बाहेर निघतात, आणि त्यांतल्या स्वयंचलित बंदुकांच्या मालकांची तक्रार ठरलेली असते. पहिला बार उत्तम होतो. दुसऱ्या वेळी चाप ओढावा तर बंदूक मुकी! या अडण्यामागे मोडतोड फारच थोड्या वेळा असते. बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो जोराचा आणि अडथळ्याचा तोल.

उदाहरणासाठी या जातीची मूळ बंदूकच घेऊ. तिचे नाव ब्राउनिंग ऑटो-5. नळीत एक आणि मॅगेझिनमध्ये चार अशी पाच काडतुसे ती घेते, म्हणून पाच. अमेरिकेतील ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने तिची रचना केली आणि 1900 साली पेटंट मिळवले. विंचेस्टर कारखान्याशी मानधनावरून त्याचे फाटले. मग तो रेमिंग्टनच्या दारी गेला. पण जानेवारी 1902 मध्ये भेटीची वाट पाहत असतानाच तेथील प्रमुख मार्सेलस हार्टली यांचे निधन झाल्याचे त्याला कळले. अखेर त्याने बेल्जियम गाठले, आणि हेर्स्टाल येथील कारखान्यात ही बंदूक तयार होऊ लागली. रेमिंग्टननेही पुढे 1905 पासून तीच रचना स्वीकारली. ब्राउनिंगच्या नावाने ती 1998 पर्यंत निघत राहिली, शेवटची काही दशके जपानमध्ये. पाठीला उंटासारखा चौकोनी उंचवटा असलेली ही बंदूक एकदा पाहिली की विसरत नाही.

तिचे काम कसे चालते? बार झाला की धक्क्याने बंदुकीची नळी आणि तिच्याशी जखडलेला बोल्ट दोन्ही मिळून मागे सरकतात, आणि तेही काडतुसाच्या लांबीपेक्षा अधिक. मागे पोचल्यावर बोल्ट अडकून राहतो, नळी एकटी पुढे जाते, आणि रिकामे काडतूस मोकळे होऊन बाहेर फेकले जाते. मग मॅगेझिनमधले नवे काडतूस वर उचलले जाते आणि दस्त्यातल्या स्प्रिंगच्या जोराने बोल्ट ते नळीत ढकलून बंद होतो. एवढा सारा फेरा पापणी लवण्याच्या आत पुरा होतो. बिघाड शोधायचा म्हणजे हा फेरा कोणत्या पायरीवर थांबला ते पाहायचे.

नळी मागे येताना तिला आवरणारी युक्ती मोठी साधी आहे. मॅगेझिनच्या नळकांड्याभोवती जाड स्प्रिंग असते, तिच्या पुढे काशाची एक चिरलेली कडी आणि तिच्यालगत आतून उतरते केलेले एक पोलादी कडे. धक्का बसला की पोलादी कडे काशाच्या कडीला आवळते, ती नळकांड्याला घासते, आणि हे घर्षणच गतिरोधकाचे काम करते. सुमारे 36 ग्रॅम छर्ऱ्यांच्या जोरदार काडतुसासाठी ही मांडणी ठीक. पण 28 ग्रॅमच्या हलक्या काडतुसात एवढा अडथळा ओलांडण्याइतका धक्काच नसतो. त्यासाठी पोलादी कडे काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला, बंदुकीच्या पेटीला टेकवून ठेवायचे. मग ते काशाच्या कडीला आवळत नाही. एका कड्याची जागा बदलली की बंदूक बदलते!

दुर्दैव असे की ही जागा ठाऊक नसलेले पुष्कळ. आजोबांनी जोरदार काडतुसांसाठी लावलेली बंदूक नातू हलकी काडतुसे घालून उडवतो. नळी अर्ध्या वाटेवरून परतते आणि रिकामे काडतूस आतच राहते. नातू मग तेलाची बाटली आणतो. नळकांडे तेलाने न्हाऊ घातले की बंदूक खरोखरच चालू लागते, आणि त्याला वाटते रोग बरा झाला. पुढे जोरदार काडतूस घातले की मात्र घर्षण उरलेले नसल्यामुळे नळी घणासारखी मागे आदळते. पुढच्या लाकडाला तडा जातो, पेटीच्या पाठीमागची तंतूंची गादी चेपते. अशा तडकलेल्या लाकडांपैकी कित्येकांचे मूळ त्या एका बाटलीत असते. याउलट वर्षानुवर्षे न पुसलेल्या जुन्या तेलाची चिकट खळ झाली तर घर्षण भलतेच वाढते. म्हणून नळकांडे स्वच्छ पुसावे आणि वर तेलाचा केवळ हात फिरवावा. नुसता ओलसरपणा पुरे. स्प्रिंग जुनी, मऊ झाली असेल तर कड्यांची मांडणी कितीही बदला, उपयोग नाही. ती नवीच घालावी.

आता दुसरे लक्षण. रिकामे काडतूस बाहेर पडले, नवे वर आले, पण बोल्ट रेंगाळत पुढे जातो आणि नीट बंद होत नाही. येथे दोषी पुढची स्प्रिंग नव्हे, दस्त्यातली. तिची नळी लाकडाच्या आत दडलेली असल्यामुळे कोणी साफ करीत नाही. गंज आणि सुकलेले तेल तिथे घर करते. दस्ता काढणे मात्र घरचे काम नव्हे. या बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा फार बारीक असतात आणि बाजारी पेचकसाने त्या हमखास फुटतात.

सोळा बोअरच्या जुन्या नमुन्यांबाबत एक धोका वेगळा सांगितला पाहिजे. त्यांतल्या अनेकांचे काडतुसाचे घर 65 मिलिमीटरचे असते, आजची काडतुसे 70 ची. ती आत बसतात, म्हणून चालतात असे वाटते. पण बार झाल्यावर काडतुसाचे तोंड उघडण्यास जागा न मिळाल्याने दाब वाढतो, आणि रिकामे काडतूस बाहेर पडतानाही अडकते. कागदी काडतुसांचेही तसेच. दमट हवेत ती फुगतात आणि नळीत रुतून बसतात. येथे बंदुकीला बोल लावण्यात अर्थ नाही.

शेवटचा बार झाल्यावर बोल्ट मागेच राहिला, तर तो मुळीच दोष नव्हे. रचनाच तशी आहे. मात्र पुढच्या काळातील काही नमुन्यांत, बोल्ट उघडा असताना मॅगेझिनमध्ये काडतूस ढकलले की ते आपोआप नळीत जाऊन बोल्ट खाडकन मिटतो. बोटे सांभाळावीत.

तपासणीपूर्वी नळी आणि मॅगेझिन दोन्ही रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. मग नळीचे तोंड जाड घडीच्या कापडावर टेकून बंदूक दस्त्याकडून खाली दाबावी. नळी खरखर न करता पूर्ण मागे यावी, बोल्ट अडकावा, आणि हात सैल केला की नळी सहज पुढे जावी. एकदा चाप ओढून दोन बार होत असतील, तर बंदूक त्याच क्षणी रिकामी करून बाजूला ठेवावी. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती परवानाधारक कारागिराकडेच द्यावी लागेल. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या चाचणीत नळीत एक आणि मॅगेझिनमध्ये एक, एवढीच काडतुसे भरावीत आणि बंदूक खांद्याशी घट्ट धरावी. सैल धरलेली बंदूक स्वतःच मागे सरते, नळीला सरकायला पुरेसा जोर उरत नाही, आणि धड बंदूकही नादुरुस्त ठरते.