कुलूपबंद घर आणि सार्वजनिक प्रयोजन

(नंदुरबार येथे केलेले भाषण)



आजचा विषय घराचा आहे. परंतु माणूस राहतो त्या घराचा नव्हे, तर वर्षानुवर्षे कुलूप लागलेल्या घराचा. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्याच शहरांत एकेका खोलीत आठ-आठ माणसे झोपतात, आणि खोली मागावयास गेलेल्या आपल्या माणसास आधी आडनाव विचारले जाते, हे मी तुम्हांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, घर मालकाचे. ते वापरावे की बंद ठेवावे हे त्याचे त्याने ठरवावे. हा युक्तिवाद ऐकला की मला याच जिल्ह्यातील नर्मदाकाठ आठवतो. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. तेथील घरांत चुली पेटत होत्या. ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांपुढे त्या चुलींचे काही चालले नाही. मग तेच दोन शब्द बंद वाड्याच्या दारापाशी येऊन का अडखळावेत?

वस्तुतः आपल्या राज्याला ही गोष्ट नवी नाही. १९४८ साली मुंबई जमीन अधिग्रहण कायदा झाला. जागा रिकामी होताच मालकाने सरकारला कळवावे व सरकारने ती ताब्यात घेऊन गरजूस द्यावी, अशी त्यात तरतूद होती. पुढे मात्र तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या जागा दशकानुदशके परत गेल्या नाहीत. १९८४ साली आणि पुन्हा १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अधिग्रहण हे तात्पुरतेच असते. जागा कायमची हवी असेल तर तिचे रीतसर संपादन करावे. अधिग्रहण ही उसनवार, संपादन ही सक्तीची खरेदी. हा भेद ध्यानी ठेवा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने गरीब व भूमिहीन यांच्या निवासाचा प्रकल्प सार्वजनिक प्रयोजनात धरला आहे, आणि जमीन या शब्दात तिजवरील बांधकामही येते. नगरपरिषदेने मागणी करावी, पैसा उभा करावा; संपादन जिल्हाधिकाऱ्यांनी करावे. शहरात मालकाला बाजारभाव आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळते. तेव्हा यात लूट कोणाचीच नाही. इंग्लंडातील स्थानिक परिषदांना दीर्घकाळ रिकामी घरे अशी विकत घेण्याचा अधिकार आहे, आणि कित्येकदा नुसत्या नोटिशीनेच कुलूप निघते.

एक मर्यादा मात्र आहे. मुंबईतील जुन्या इमारतींच्या संपादनावरून उद्भवलेल्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. एखादी ठरू शकते. म्हणून सरसकट मागणी टिकणार नाही. एकेका घराचे प्रकरण उभे करावे लागेल.

आणि आता मला ज्याची खरी भीती वाटते ते सांगतो. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. आपली मुलेही सुरतेस, मुंबईस आहेत. त्यांच्याही दाराला कुलूपच असते. अधिकाऱ्याने हातात यादी घेऊन फिरावयाचे ठरविले, तर वाड्यावरील कुलूप त्याला दिसणार नाही, झोपडीवरील आधी दिसेल. पोटासाठी लावलेले कुलूप आणि भाव चढण्याची वाट पाहणारे कुलूप एक नव्हे. प्राथमिक अधिसूचनेनंतर साठ दिवसांत हरकत घेता येते. परंतु फडात कोयता चालविणाऱ्यास ती नोटीस वाचून कोण दाखविणार?

सबब नंदुरबार, शहादे, तळोदे व नवापूर येथील आपल्या मंडळींनी नगरपरिषदेकडे प्रथम एवढेच लेखी मागावे: कर आकारणीच्या नोंदीत प्रत्येक बंद घरापुढे ते किती वर्षे बंद आहे, कशामुळे बंद आहे आणि मालकाला राहण्यास दुसरे घर आहे किंवा नाही, हे लिहिले जावे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.